विश्लेषण : मूतखडा नेहमीचाच, मग वृद्धांसाठी तो 'इमर्जन्सी' कधी ठरतो?

पोटात कळ आली की हुलग्याचे माडगे, पानफुटीची पाने आणि 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला. मूतखड्याच्या बाबतीत पुण्यातील प्रत्येक सोसायटीत दोन-चार तज्ज्ञ सापडतातच, कारण तितक्याच जणांना तो होऊन गेलेला असतो. पस्तिशीतल्या माणसाला खडा दोन रात्री लोळवतो, बहुतेक वेळा निघून जातो आणि नंतर त्याचा किस्सा होतो. सत्तरीतल्या माणसाच्या त्याच दोन रात्री जिवावर बेतू शकतात. मुले बंगळुरूत किंवा अमेरिकेत आणि आई-वडील कोथरूड किंवा सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये दोघेच, अशी घरे या शहरात भरपूर आहेत. अशा घरात रात्री अडीच वाजता 'सकाळपर्यंत थांबू' की 'आत्ताच निघू' हे कसे ठरवायचे, रुग्णालयात आधी काय केले जाते आणि खर्चाचे काय, याचा हा आढावा.

खडा किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे, हे महत्त्वाचे का?

धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजीमध्ये ८ डिसेंबर २००९ रोजी डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एका रुग्णाच्या डाव्या मूत्रपिंडातून तब्बल १ लाख ७२ हजार १५५ खडे काढले. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. एवढे खडे एका मूत्रपिंडात साठेपर्यंत तो माणूस हिंडत-फिरत होता. उलट सहा मिलिमीटरचा एकच खडा दुसऱ्या कोणाला थेट अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतो.

कारण साधे आहे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब आणि आतून अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात तीन जागा मुळातच चिंचोळ्या आहेत : मूत्रपिंडातून ती सुरू होते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडा मूत्रपिंडात पडून असेल तर अनेकदा वर्षानुवर्षे कळतही नाही. तो खाली सरकून या तीनपैकी एका जागी अडकला की वरचा प्रवाह तुंबतो. पाच मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोन तृतीयांश खडे आपोआप निघून जातात. पाच ते दहा मिलिमीटरमधले निम्म्याहून थोडे कमी. त्यालाही कधी कधी चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे तुंबणे हीसुद्धा दर वेळी धावपळीची गोष्ट नाही. धावपळ सुरू होते ती तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की.

तुंबलेले मूत्रपिंड आणि जंतुसंसर्ग ही जोडी एवढी घातक का?

इथे वैद्यकशास्त्रापेक्षा नळजोडणीचे तर्कशास्त्र जास्त उपयोगी पडते. वाहते पाणी घाण वाहून नेते, साचलेले पाणी सडते. मूत्रवाहिनी बंद झाल्यावर मूत्रपिंडातील दाब वाढतो. दाब वाढला की रक्त गाळण्याचे काम मंदावते. त्यामुळे शिरेतून कितीही भारी प्रतिजैविक दिले तरी ते जिथे पोहोचायला हवे त्या साचलेल्या लघवीत पुरेसे उतरत नाही. दुसरीकडे तोच वाढलेला दाब जंतूंना आणि त्यांच्या विषारी घटकांना उलट्या दिशेने रक्तात ढकलतो. औषध आत जात नाही आणि जंतू बाहेर पडतात, अशी ही कोंडी. संसर्ग रक्तात पसरून अवयव निकामी होऊ लागले की त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात.

अमेरिकेतील रुग्णालयांच्या २००७ ते २००९ या काळातील नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रवाहिनीतील खडा आणि सेप्सिस असे दोन्ही असलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या मूत्रपिंडातील तुंबलेली लघवी बाहेर काढण्याची वाट करून दिली गेली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. ज्यांच्याबाबत ती केली गेली नाही, त्यांच्यात ते १९ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. ही पद्धतशीर चाचणी नव्हती, नोंदींची तुलना होती. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुढे २०२० मध्ये आलेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात दाखल झाल्यापासून दोन दिवस वा अधिक उशिरा वाट मोकळी केल्यास मृत्यूची शक्यता २९ टक्क्यांनी वाढते, असे दिसले.

हे आकडे सर्व वयोगटांचे आहेत. वय, मधुमेह, स्त्री असणे आणि आधीपासूनची अशक्तता या गोष्टी त्यात भर घालतात. मधुमेहींमध्ये तर कधी कधी जंतूंमुळे मूत्रपिंडातच वायू तयार होतो. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर अत्यंत गंभीर.

वृद्धांमध्ये लक्षणे वेगळी असतात का?

खरी अडचण इथेच आहे. पाठीतून जांघेकडे उतरणारी, रुग्णाला एका कुशीवर स्थिर राहू न देणारी कळ, उलट्या, लघवीत रक्त हे पुस्तकी चित्र. सत्तरीपुढे ते अर्धेच दिसते किंवा दिसतच नाही. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात. कंबरदुखी तर आधीपासूनची असतेच, त्यामुळे 'नेहमीचीच कंबर' म्हणून बाम लावला जातो. अनेकदा पहिले लक्षण हे पोटाचे नसतेच. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, वार विसरतात, ओळखीच्या माणसाला ओळखत नाहीत, दिवसभर झोपून राहतात, जेवण सोडतात किंवा न्हाणीघरात पडतात. 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून नेमके हेच सोडून दिले जाते. कालपर्यंत पेपर वाचणारा माणूस आज गोंधळला असेल, तर त्याला म्हातारपण हे उत्तर नाही. म्हातारपण एका रात्रीत येत नाही.

तापाचेही तसेच. थंडी वाजून १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर शंकाच नको, लगेच निघावे. पण वृद्धांमध्ये गंभीर संसर्ग असूनही ताप येत नाही, क्वचित अंग गारच पडते. बीटा-ब्लॉकर प्रकारच्या गोळ्या (मेटोप्रोलॉल वगैरे) चालू असतील तर नाडीचा वेग वाढायला हवा तेवढा वाढत नाही. रक्तदाब मोजताना तर आकडा नुसता पाहून उपयोग नाही, तो रोजच्या आकड्याशी ताडावा लागतो. ज्यांचा वरचा रक्तदाब एरवी १५० असतो, त्यांच्यासाठी १०५ म्हणजे 'छान नॉर्मल' नव्हे. ती घसरण आहे. श्वासाचा वेग मिनिटाला २२ वा त्याहून अधिक, वरचा रक्तदाब १०० वा त्याहून कमी आणि शुद्धीत फरक ही तीन चिन्हे सेप्सिसची शंका घेण्यासाठी डॉक्टर खाटेशेजारी उभे राहून पाहतात. घड्याळ आणि घरातले रक्तदाबाचे यंत्र एवढ्यावर ती घरीही पाहता येतात.

सहा-आठ तास लघवीच झाली नाही, हे आणखी एक धोक्याचे चिन्ह. त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. प्रोस्टेटमुळे किंवा मूत्रमार्गात अडकलेल्या खड्यामुळे मूत्राशय भरून फुगलेले असेल, तर ओटीपोट टणक लागते आणि नळी घातली की सुटका होते. मूत्राशय रिकामेच असेल, तर वरून लघवी येतच नाही असा अर्थ होतो. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे (दुसरे काढलेले, दान केलेले किंवा जन्मतः निकामी), त्यांच्या त्या एका मूत्रपिंडाची वाहिनी बंद झाली की शरीरातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. अशा व्यक्तीने कळ आल्यावर सकाळची वाट पाहू नये.

दोन फसव्या गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नाही. वाहिनी पूर्ण बंद राहूनही काही काळाने कळ ओसरते आणि मूत्रपिंड मुकाट्याने खराब होत राहते. दुसरी, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी संसर्ग नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. एका बाजूची वाहिनी पूर्ण बंद असेल तर त्या बाजूची दूषित लघवी बाटलीपर्यंत पोहोचतच नाही; तपासली जाते ती दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची.

आणि ती कळ मूतखड्याची नसलीच तर?

साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच 'मूतखड्यासारखी' कळ आली असेल, तर आपत्कालीन विभागातील अनुभवी डॉक्टर आधी वेगळाच प्रश्न विचारतात : महाधमनी ठीक आहे का? पोटातील महाधमनीला आलेला फुगा फुटू लागला की कंबरेत, कुशीत अगदी मूतखड्यासारखेच दुखते. विशेषतः धूम्रपान केलेल्या, रक्तदाब असलेल्या पुरुषांमध्ये. हा फुगा मूतखडा समजून घरी पाठवण्याची चूक जगभरातील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत ठळकपणे नोंदवलेली आहे. खाटेशेजारी काही मिनिटांत होणाऱ्या सोनोग्राफीत तो दिसू शकतो. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटकाही पोटदुखी आणि उलट्यांच्या रूपात येतो, म्हणून ईसीजी काढतात. नागीण उठण्याआधी एक-दोन दिवस त्याच पट्ट्यात दुखते, पुरळ नंतर दिसते. तेव्हा 'खडाच आहे हो, आम्हाला माहीत आहे' असे सांगून ईसीजीला नको म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावे.

घरी काय द्यावे, काय देऊ नये?

कपाटातली दुखण्याची गोळी म्हणजे बहुतेक घरांत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. मूतखड्याच्या कळेवर ही औषधे तरुणांमध्ये उत्तम काम करतात आणि डॉक्टरही पहिली निवड म्हणून तीच देतात. वृद्धांचे गणित वेगळे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा त्या जातीची गोळी, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर डायक्लोफेनॅक असे तिघे एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. त्यात उलट्यांमुळे शरीर कोरडे पडलेले. डॉक्टरांना भेटेपर्यंत पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय. यकृताचा आजार असेल तर तोही विचारूनच.

'पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे की' हा युक्तिवाद हमखास होतो. समजा, ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.२ आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ते जेमतेम कडेला दिसते, कधी लाल अक्षरातही नसते. १९७६ पासून वापरात असलेले कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावून पाहा. १४० मधून वय वजा करा, उरले ६२. गुणिले वजन ४५. त्याला ७२ गुणिले १.२ ने भागा आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणा. उत्तर येते मिनिटाला साधारण २७ मिलिलिटर. त्याच १.२ क्रिएटिनिनच्या, ७० किलोच्या तिशीतल्या पुरुषाचे उत्तर सुमारे ८९. कागदावर एकच आकडा, पण आजींच्या मूत्रपिंडांची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून कमी. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि वयाबरोबर स्नायू झडतात, म्हणून ही फसगत होते. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच. घरातील ज्येष्ठांसाठी हा हिशेब एकदा करून ठेवायला हरकत नाही, मात्र त्यावरून औषध स्वतः बदलू नये.

पाण्याबाबतही गैरसमज आहे. खडा पुन्हा होऊ नये म्हणून एरवी भरपूर पाणी पिणे योग्य. ऐन कळेत मात्र बळेबळे लिटरभर पाणी पाजल्याने किंवा सलाइनवर सलाइन चढवल्याने खडा धुऊन निघतो, याला पुरावा नाही. बंद नळावर मागून दाब वाढवण्यासारखे ते आहे. हृदय कमजोर असलेल्या वृद्धाच्या फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका वेगळाच. तहान लागेल तेवढे घोट-घोट द्यावे. उलट्या होत असतील आणि शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारून. हुलग्याच्या माडग्याला एरवी कोणाचीच ना नाही, हिवाळ्यात ते चांगलेच लागते. पण ताप आणि थंडी असताना त्याच्या भरवशावर रात्र काढू नये.

घरात उरलेली प्रतिजैविकांची अर्धी पट्टी सुरू करू नये. लघवीच्या आणि रक्ताच्या जंतुसंवर्धन चाचणीचे नमुने घेण्याआधी औषध पोटात गेले, तर कोणता जंतू आणि कोणते औषध लागू पडेल हे कळणे अवघड होते. आपल्याकडे लघवीच्या संसर्गातील बरेच जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत, त्यामुळे ती माहिती मोलाची असते.

आणखी एक औषध : टॅम्सुलोसिन. खडा खाली सरकावा म्हणून आणि प्रोस्टेटसाठीही ते दिले जाते. त्याने उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून पहिल्या काही रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसून मग उभे राहावे. ही गोळी घेतलेल्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळ सैल पडून अडचण येऊ शकते, असे २००५ मध्ये प्रथम निदर्शनास आले. पुण्यातील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची संख्या पाहता, डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगणे विसरू नये. बंद केली असली तरीही सांगावे.

रुग्णालयात आधी काय केले जाते?

शिरेतून वेदनाशामक, रक्त-लघवीचे नमुने, ईसीजी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगले आहे का हे चांगले कळते, पण वाहिनीच्या मधल्या भागातील खडा अनेकदा दिसत नाही. त्यासाठी साधा सीटी स्कॅन लागतो. 'सीटीच्या औषधाने किडनी जाते' ही भीती घरोघरी आहे. मूतखड्यासाठीचा सीटी स्कॅन मुळात शिरेतून रंगद्रव्य न देता केला जातो. किरणोत्साराचा विचार तरुणांसाठी जास्त महत्त्वाचा. सत्तरीत निदान चुकण्याचा धोका त्याहून मोठा.

संसर्ग असेल तर नमुने घेऊन लगेच प्रतिजैविक सुरू होते आणि युरॉलॉजिस्ट लघवीला वाट करून देतात. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक, दोन्ही टोकांना वळलेली नळी बसवायची. तिला डीजे स्टेंट म्हणतात. १९७८ मध्ये ती प्रथम वर्णिली गेली; टोके इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली असल्याने ती सरकत नाही. दुसरा मार्ग, पाठीतून सुईने थेट मूत्रपिंडात नळी घालून लघवी बाहेर पिशवीत घ्यायची. याला पीसीएन म्हणतात आणि ते बहुतेकदा ती जागा बधिर करून होते. भूल झेपणार नाही अशा वृद्धांसाठी तो पर्याय बरा पडतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मात्र पाठीतून सुई घालण्यात रक्तस्रावाचा धोका असल्याने स्टेंटकडे कल असतो. १९९८ मध्ये दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली तेव्हा दोन्ही सारख्याच परिणामकारक आढळल्या. त्यामुळे कोणती पद्धत 'आधुनिक' यावर वाद घालण्यापेक्षा रात्री त्या रुग्णालयात कोणती आधी होऊ शकते, हे विचारणे शहाणपणाचे.

मग खडा त्याच वेळी का काढत नाहीत?

नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात सर्वाधिक खटके इथे उडतात. 'एवढे बिल झाले आणि खडा तर आतच!' ही तक्रार ऐकू येते तेव्हा सहसा सांगणाऱ्याने नीट सांगितलेले नसते. दाबाखालच्या पाइपवर काम करण्याआधी दाब उतरवायचा, हे अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच कळते. संसर्ग पेटलेला असताना दुर्बिणीने खडा फोडायला गेले तर आत पाणी सोडावे लागते, दाब आणखी वाढतो आणि जंतू रक्तात शिरतात. म्हणून आधी निचरा, प्रतिजैविकांचा कोर्स आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी, प्रकृती सावरल्यावर खडा. दोन टप्प्यांतला हा उपचार खर्चिक वाटला तरी तोच सुरक्षित आहे.

बाहेरून आघात-लहरींनी खडा फोडण्याची पद्धत अनेकांना सोपी वाटते, कारण त्यात चिरफाड नाही. तिचा जन्मही रंजक आहे. विमाने बनवणाऱ्या जर्मनीतील डॉर्नियर कंपनीचे अभियंते वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्याने होणाऱ्या नुकसानीचा अभ्यास करत होते. त्यातून आघात-लहरींचा हा उपयोग पुढे आला आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. पण उपचार न झालेला संसर्ग, चालू असलेली रक्त पातळ करणारी औषधे किंवा महाधमनीला मोठा फुगा असेल तर ती करता येत नाही. म्हणजे ऐन इमर्जन्सीतील वृद्धासाठी ती सहसा पहिली निवड नसते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲपिक्साबॅन अशी औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. हृदयात स्टेंट असलेल्यांसाठी ते मूतखड्याहून महाग पडू शकते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा आजारपणात तात्पुरत्या बंद कराव्या लागतात, पण तेही डॉक्टरांनी ठरवायचे. त्यासाठी त्यांना औषधांची यादी हवी. 'ती पांढरी, छोटी गोळी' यावर रात्री तीन वाजता कोणाला काही कळत नाही. यादीचा आणि शेवटच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टचा फोटो परगावच्या मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये असला, तरी पुष्कळ वेळ वाचतो.

पुण्यात रात्री कुठे जायचे?

जवळचे रुग्णालय चांगलेच. पण निघण्यापूर्वी एक फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : आत्ता सीटी स्कॅन होईल का, युरॉलॉजिस्ट आज रात्री येऊ शकतात का आणि अतिदक्षता विभागात खाट आहे का. दोन्हीकडे हेलपाटे घालण्यात जाणारा तास या आजारात महागात पडतो. रुग्ण गोंधळलेला असेल, रक्तदाब उतरला असेल किंवा धाप लागली असेल, तर मात्र फोनाफोनी शेजाऱ्यावर सोपवून थेट सर्वांत जवळचा आपत्कालीन विभाग गाठावा. आधी स्थिर करणे महत्त्वाचे, पुढे हलवता येते.

१०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ वाहनांसह सुरू झाली आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आला. फोनवर नुसते 'पोटात दुखतेय' न सांगता वय, मधुमेह, ताप, रक्तदाबाचा आकडा आणि शुद्धीतील फरक सांगितला, तर पलीकडच्या माणसाला गांभीर्य कळते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला असेल तर तेही आधीच सांगावे. पेठांमधल्या बोळात गाडी कुठपर्यंत येते, हे घरातल्यांनाच ठाऊक असते.

पैसे, अनामत आणि योजनांचे काय?

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिलेले ससून रुग्णालय आजही शहरातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गोरगरिबांचा आधार आहे. त्याखेरीज पुण्यातील अनेक मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तातडीच्या रुग्णाला तत्काळ दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि त्यासाठी अनामत रक्कम मागू नये, हेही त्याच योजनेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीचा मुद्दा राज्यभर गाजला, तेव्हा अनेकांना हा नियम पहिल्यांदा कळला.

सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते आणि ते आधारवर निघते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही मूतखड्यावरील उपचारांचा समावेश आहे. दोन्ही योजना फक्त अंगीकृत रुग्णालयांतच चालतात, म्हणून आपल्या भागातले कोणते रुग्णालय यादीत आहे हे निवांत वेळी पाहून ठेवावे. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी असतो, तो कागदपत्रांत मदत करतो. महात्मा फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८, तर आयुष्मान भारतची १४५५५. खासगी विमा असेल, तर विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे. पॉलिसी क्रमांक हाताशी नसेल तर हा तास सुरूच होत नाही, एवढेच.

घरी आल्यावर काय पाहायचे?

ताप उतरला, रुग्ण जेवू लागला, की घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तेव्हाच एक गोष्ट विसरली जाते : आत असलेला स्टेंट. तो कायमचा नसतो. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर साधारण तीन महिन्यांच्या आत तो काढावा किंवा बदलावा लागतो. जास्त दिवस राहिला तर त्याच्यावरच खड्याचे थर चढतात, तो मूत्राशयात आणि मूत्रपिंडात घट्ट अडकतो आणि मग दहा मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. वृद्धांच्या बाबतीत हे विसरणे सोपे असते. मुलगा रजा संपवून परत गेलेला असतो, आजोबा गावी जातात, डिस्चार्ज कार्ड कुठल्यातरी पिशवीत राहते. स्टेंटमुळे वारंवार लघवीला जावे लागणे, थोडी जळजळ, चालल्यावर लालसर लघवी हे होऊ शकते आणि त्याची भीती नको. पुन्हा थंडी-ताप आला, लघवीत गाठी पडू लागल्या किंवा लघवी थांबली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जावे.

डिस्चार्जच्या वेळी दोन तारखा विचारून घ्याव्यात, स्टेंट काढण्याची आणि खड्याच्या शस्त्रक्रियेची. त्या फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर लिहाव्यात, तीन महिन्यांनंतरच्या पानावर आत्ताच. आणि कोणत्या बाजूला स्टेंट आहे, डावीकडे की उजवीकडे, हेही त्याच चौकटीत.